देन्सियोचं बिनमिठाचं ताट

तांगाओआन गावात मनांग तिबांगशी मिठावरून वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तिचं खरं नाव प्रिमितिवा. ते चर्चच्या नोंदवहीत होतं आणि तिथंच राहिलं. लहानथोर सगळे तिला मनांग म्हणत, म्हणजे ताई, आणि तिची पाठ वळली की मीठपोलीस म्हणत.

हे पद तिला मिळालं नवऱ्यामुळे. आठ वर्षांमागं शहरातल्या डॉक्टरनं देन्सियोचं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं आणि सांगितलं, मीठ कमी करा, नाहीतर जेमतेम दोन वर्षं. आता कमी करणं, बेताबेतानं घेणं, हे तिबांगच्या रक्तातच नव्हतं. तिनं मीठ बंद केलं. त्याच दुपारी स्वयंपाकघरातला बागूंगचा रांजण उचलला आणि मागच्या घरात राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या, सियांगच्या, ओट्यावर नेऊन आदळला. "हा तुझ्याकडे. माझ्या घरात याचा वाससुद्धा नको," म्हणाली.

बारीक मासे मिठात महिनोन् महिने मुरवलेला बागूंग ज्या घरात नाही, असं घर आमच्या इलोकोस मुलखात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. मग पिनाकबेत, आमची मिसळीची भाजी, शिजवायची तरी कशात? तिबांग पाण्यात शिजवायची. वांगी, भेंडी, कारली, सगळी नुकतीच आंघोळ करून आल्यासारखी ताटात बसायची. लग्नाकार्यात गेली की वाढप्यांना आधी गाठायची. "त्याच्या ताटात खारट काही पडलं तर माझ्याशी गाठ आहे." वाढपी घाबरून देन्सियोला नुसता भात वाढायचे. पण एक मानायला हवं. जे नवऱ्याला, तेच तिला. सात वर्षं तिनंही मिठाचा कण जिभेवर ठेवला नाही. एकटीनं चवीचं खायचं तिच्या मनाला पटायचं नाही.

देन्सियो बिचारा गोल, गरीब, हसरा माणूस. गावच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवायचा, मयताला आणि जत्रेला. घरी बायकोसमोर ब्र काढायचा नाही. रोज रात्रीचं जेवण चिवडायचा, मग भोंगा खांद्यावर घ्यायचा आणि मागच्या अंगणात शेळीच्या गोठ्याशी सरावाला बसायचा. वाजवायचा थोडं, थांबायचा फार. "दम लागतो हो त्यांना, वय झालं," असं तिबांग शेजारणींना सांगायची.

शेवटच्या दिवशी तिनं वांगी उकडली होती. देन्सियोनं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिबांग, एक चमचा बागूंग. नुसता वरून. आज खूप वाटतंय गं."

"नाही," तिबांग म्हणाली.

त्यानं ताट सरकवलं. रागानं नाही, हळूच. भोंगा उचलून मागं गेला, आला, झोपला, आणि सकाळी उठलाच नाही.

उपाशी गेला. हे दोन शब्द तिबांगच्या छातीत जे रुतले ते वर्षभर निघाले नाहीत. सियांगच्या गळ्यात पडून रडली तेव्हा हेच म्हणाली, "एक चमचा मागितला गं त्यानं, मी दिला नाही. उपाशी पाठवला." सियांग एरवी अशी, की तिच्या तोंडाला झाकण नाही. पण त्या दिवशी ती गप्प बसली, आणि पुढंही या विषयावर गप्पच राहिली. तिबांगला वाटलं, बहिणीलासुद्धा माझं चुकलं असंच वाटतंय.

वर्ष सरत आलं. वाक्सी तीन आठवड्यांवर आली. वाक्सी म्हणजे विधवेनं काळे कपडे उतरवायचा दिवस. प्रार्थना होते, गाव जेवतं, आणि बाई रंगीत कपडे घालून पुन्हा माणसांत येते. सुनेनं, रोवेनानं, सासूसाठी पिवळा झगा शिवूनही ठेवला होता. ऊन मी म्हणत होतं. आणि नेमका तेव्हाच घरात तो वास सुरू झाला.

कसला म्हणून सांगावं? मासळीचा म्हणावा तर मासळीचा नाही. गंजलेला पैसा मासळीच्या पाण्यात घालून उन्हात ठेवला आणि विसरलात, तर येईल तसा काहीसा. सकाळी जरा बेताचा असायचा. दुपारी पत्रे तापले की असा उठायचा की मांजर उंबऱ्यापर्यंत यायचं, विचार करायचं आणि परत फिरायचं.

रोवेना मनिलाकडची, शाळेत मास्तरीण. नवरा जहाजावर, त्यामुळे घरात या दोघीच. तिचा भुताखेतांवर विश्वास नाही, उंदरांवर फार. सासूला ती नानांग म्हणायची, म्हणजे आई. "नानांग, उंदीर मेलाय कुठंतरी," म्हणाली आणि बाह्या सारून कामाला लागली. कपाटं ओढली. उंदीर नाही. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे काढला, त्यात तिच्या लग्नातला चमचा सापडला, वास नाही. मोरीत दोन बादल्या उकळतं पाणी ओतलं, तर मोरीला गुलाबासारखा वास येऊ लागला, निदान घराच्या मानानं. शेळीला हुंगलं. शेळीनं तिला शिंग मारलं. शेवटी ती लहान मुलींना शिकवतात तशी हात मागं बांधून, नाक पुढं काढून, भिंतीभिंतीनं चालू लागली. मागोमाग काळ्या झग्यातली तिबांग. एक वळली की दुसरी वळायची.

नाक बैठकीच्या कोपऱ्यात येऊन थांबलं. तिथं देवाचा चौरंग, त्यावर बँडच्या गणवेशातला देन्सियोचा फोटो. फोटोच्या वर दोन खिळ्यांवर आडवा टांगलेला त्याचा भोंगा. भोंग्याला तिबांगनं दुखवट्याच्या चाळीस दिवसांत विणलेली पांढरी खोळ, शेवटी टाके घालून बंद केलेली. तिच्या दृष्टीनं तो भोंगा नव्हताच, नवराच टांगला होता.

"इथंच आहे," रोवेना म्हणाली. "खोळ काढून बघू का?"

"हात मोडून ठेवीन," तिबांग म्हणाली. मग पुढं वाकली आणि फोटोला हुंगलं. सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "यातून येतोय. फोटोतून."

सियांगला बोलावणं गेलं. ती पीठभरल्या हातांनी धावत आली, कोपऱ्यात आली, एकदाच श्वास घेतला आणि मटकन खुर्चीत बसली. "मनांग," ती म्हणाली, "हा देन्सियोच आहे."

"रागावलाय?"

"ते मला काय ठाऊक? भुकेला असेल," सियांग दुसरीकडे बघत म्हणाली. "ताट मांड त्याचं."

गेलेल्या माणसाला भूक लागली की तो घरात काहीतरी खूण करतो. पोराला ताप आणतो, भांडं पाडतो, वास सोडतो. मग आतांग मांडायचं, म्हणजे त्याचं ताट, आणि म्हणायचं, या, जेवा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिबांगनं लगेच चूल पेटवली. तासाभरात फोटोपुढं ताट आलं. भात, मूग, शेवग्याचा पाला, एक उकडलेलं अंडं, उसाच्या दारूचा पेला, विडी.

सियांगनं मुगात बोट बुडवून चाखलं आणि बहिणीकडे पाहातच राहिली. "मीठ नाही घातलंस."

"त्याला बीपी आहे."

"अगं बाई, मेलेल्या माणसाला कसला बीपी?"

"तुला काय कळतंय त्यातलं? सात वर्षं सांभाळलं मी," तिबांग म्हणाली. "आत्ता सगळं सोडून देऊ?"

"मग काय होईल त्याला? मरेल?"

रोवेना शाळेच्या वह्या तपासत बसली होती, ती वहीत तोंड घालून हसू लागली. तिबांगनं दोघींनाही घराबाहेर काढलं.

तीन दिवस बिनमिठाचं ताट मांडून झालं. वास वाढला. चौथ्या दिवशी तिबांगनं डोळे मिटून चिमूटभर मीठ टाकलं. त्यातलं अर्धं चुलीत पडलं. वास वाढला. मग एक सुकी मासळी तळून ठेवली, फोटोला दटावून, "एकच. उद्या मागायची नाही." दुसऱ्या दिवशी वास फोटोपासून दारापर्यंत पोहोचला होता. शेजारीण दुधाचं भांडं परत करायला आली, ती ते अंगणातच ठेवून गेली.

"नानांग, तुम्ही मासे मांडताय आणि वास वाढतोय," रोवेना म्हणाली. "यात काही दिसतंय का तुम्हाला?"

"दिसतंय. त्याला आणखी हवंय."

रोवेनानं कपाळाला हात लावला.

वाक्सीला दोन दिवस उरले. तिबांग न्हाऊन, डोक्यावरून काळी ओढणी ओढून बाजारात गेली आणि मासळीवालीच्या पाटीपुढं उभी राहिली. बराच वेळ कोळंबीचा भाव विचारत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक बाटली बागूंग."

मासळीवालीच्या हातातला कोयता थांबला. "कुणाला हवाय?"

"मला."

"मनांग, तुम्हाला बरं आहे ना?"

"देतेस की जाऊ दुसरीकडे?"

तिबांग घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. मीठपोलिसानं बागूंग घेतला. कुणी म्हणालं, दुःखानं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, फिरलेलं जागेवर आलं. तिबांगनं आयुष्यात केलं नव्हतं असं पिनाकबेत केलं, बागूंगच्या अख्ख्या बाटलीत. वांग्यांना सुरकुत्या पडेपर्यंत आटवलं. ताट ठेवलं आणि फोटोपुढं गुडघे टेकले. "घे," म्हणाली. "चमचा मागितलास, बाटली दिली. आता जेव रे. पोटभर जेव आणि मला सोड."

पुढच्या दुपारी घरात उभं राहवेना. रोवेना नाकाला रुमाल बांधून वह्या तपासत होती. तिबांग जिन्याच्या पायरीवर बसली होती, तशी ती नवरा गेला त्या दिवशीही बसली नव्हती. रोवेना येऊन शेजारी टेकली.

"झगा कपाटात ठेव," तिबांग म्हणाली. "मी काळं उतरवणार नाही. नवरा उपाशी भटकतोय आणि मी पिवळं घालून मिरवू? लोकांना जेवू घाल, प्रार्थना करा. मी अशीच बरी."

"आणि किती दिवस?"

"तो माफ करेल तोवर. नाही केलं तर मरेपर्यंत."

रोवेनाच्या जिभेवर शंभर गोष्टी आल्या, उंदरापासून विज्ञानापर्यंत.  तिनं नुसता सासूचा हात धरला.

वाक्सीचा दिवस उजाडला. अंगणात मांडव, डुक्कर भाजलं जातंय, बायका प्रार्थनेला बसलेल्या. घरात शिरणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर दचकायचा, छातीवर क्रूस काढायचा आणि मग तोंडानंच श्वास घेत आत यायचा. प्रार्थना नेहमी अर्धा तास चालते. त्या दिवशी अकरा मिनिटांत संपली. तिबांग काळ्यातच, कोपऱ्यात, फोटोकडे पाठ करून बसली होती. सियांग पार दाराशी उभी होती, जवळ यायलाच तयार नव्हती.

मग बँडचा म्होरक्या इस्को पुढं झाला. सत्तरीचा, ताठ, देन्सियोचा जिवलग. "मनांग," तो म्हणाला, "आमच्या भोंग्याला पोचे पडलेत, भसाडा वाजतो. देन्सियोचा द्या. त्याच्याच भोंग्यावर त्याचं आवडतं गाणं वाजवतो. त्याला बरं वाटेल."

एरवी तिनं त्याला जिन्यावरून ढकलला असता. पण त्या दिवशी ती इतकी टेकीला आली होती की मुकाट्यानं उठली, कात्री घेतली आणि स्वतःच्या हातानं खोळीचे टाके उसवले. खोळ गळून पडली आणि तिबांग तिथंच खाली बसली. वास असा बाहेर आला की पुढच्या रांगेतल्या तीन बायका मागच्या रांगेत गेल्या. "आला, आला," कुणीतरी पुटपुटलं आणि पुन्हा प्रार्थना सुरू झाली, या खेपेला मनापासून.

इस्को बहाद्दर. त्यानं डोळे मिटले, भोंगा तोंडाला लावला आणि फुंकला. आतून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू आली. त्यानं छाती भरून पुन्हा फुंकला. काहीतरी उलटं आलं. इस्को थांबला. ओठांवरून जीभ फिरवली. पुन्हा फिरवली.

"मनांग," तो म्हणाला, "हा बागूंग आहे." जरा विचार केला. "आणि बरा मुरलाय."

 इस्कोनं भोंगा उलटा धरला आणि हलवला. भोंग्याच्या रुंद तोंडातून आधी एक दोरी लोंबली, मग दोरीला बांधलेली जिनची चपटी बाटली सुळकन घसरली, आणि तिच्यामागं आतल्या आत साचलेला काळा रस, काट्यांसकट, थेट तिबांगच्या मांडीवर. बाटलीचं पत्र्याचं बूच मिठानं पार खाल्लं होतं. आडवी पडून ती उन्हाळाभर थेंब थेंब गळत होती.

"उंदीर नव्हता," रोवेना अगदी हळू म्हणाली.

तिबांग मात्र बाटलीच्या गळ्याकडे बघत होती. बुचाखाली गळू नये म्हणून चिंधी गुंडाळलेली होती. निळी, बारीक पांढऱ्या फुलांची. तिनं मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. "सियांग, हा तुझ्या स्वयंपाकघराचा पडदा आहे."

सियांगनं पळायचं ठरवलं असावं, पण दाराबाहेर गर्दी होती. ती दारातच खाली बसली आणि तिला रडू फुटलं. "तूच रांजण आणून ठेवलास माझ्याकडे," ती हुंदक्यातून म्हणाली. "पहिल्याच रात्री तो गोठ्याशी बसून माझ्या खिडकीकडे बघत होता. कुत्र्यासारखा बघत होता, मनांग. मी वाटीभर दिला. मग रोजच यायला लागला. दोन फुंका मारायचा, जेवायचा, पुन्हा दोन फुंका मारायचा. बाहेरगावच्या मयतांना जाताना ही बाटली भरून न्यायचा. सात वर्षं. मीच मारला त्याला. तू मिठाचा कण दिला नाहीस, मी रांजण संपवले. वर्षभर तुला तोंड दाखवायची लाज वाटतेय मला. वास आला तेव्हाच कळलं मला, की तो माझ्या नावानं आलाय."

तिबांगच्या झग्यावरून रस ठिबकत होता. तिला त्याची शुद्धच नव्हती. "त्या रात्री?" तिनं विचारलं. "वांगी टाकून उठला, त्या रात्री?"

"त्या रात्रीपण आला."

"जेवला?"

"तीनदा भात घेतला. वांगी भाजून दिली होती, वर बागूंग, टोमॅटो. बोटं चाटली." सियांगनं नाक पुसलं. "मी म्हटलं, आता तरी मनांगला सांगू या. तर म्हणाला, नको. तिला वाटतं ती मला जगवतेय. वाटू दे, त्यावरच तर मी जगतोय."

सगळी खोली तिबांगकडे बघत होती. ती उठली. फोटोसमोर जाऊन उभी राहिली आणि बघता बघता तिचा चेहरा लाल झाला. "लबाड," ती फोटोला म्हणाली. "ढोंगी. दम लागतो म्हणे. सात वर्षं मी तुझ्यासाठी पाण्यातलं कारलं गिळलं, आणि तू मागं बसून भाजलेली वांगी खातोस? मेल्यावरसुद्धा मी तुला मूग रांधून घातले, आणि तू वर टांगून हसतोयस?" बोलता बोलता तिचा आवाज फुटला. रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. इस्कोनं टोपी काढली. त्याला दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

मग ती आत गेली. तो झगा अंगावर ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. बराच वेळ पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा पिवळ्या झग्यात होती, ओले केस मोकळे, एक बटण चुकलेलं. रोवेनानं पुढं होऊन ते लावलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

बायकांनी वाट करून दिली. तिबांग सरळ दाराशी गेली. सियांग अजून तिथंच बसली होती.

"डॉक्टर त्याला दोन वर्षं म्हणाला होता," तिबांग म्हणाली. "सात काढली. माझ्या कारल्यावर काढली की तुझ्या बागूंगवर, ते देव जाणे. तू नाही मारलास त्याला. ऊठ, वाढ मला."

मांडवात पान मांडलं. सियांगनं भात वाढला, भाजलेलं वांगं ठेवलं, आणि घरून आणवलेल्या रांजणातला बागूंग चमच्यात घेऊन बहिणीकडे पाहिलं. तिबांगनं बोटानं खूण केली, आणखी. पहिला घास घेतला आणि चावतच राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं गळू दिलं. दुसरा घास घेतला, तिसरा. पुन्हा भात मागितला.

"रागावलीस ना माझ्यावर?" सियांगनं अखेर विचारलं.

"मग? रागावू नको तर काय करू?" तिबांग भरल्या तोंडानं म्हणाली. "अंगणातल्या अंगणात रोज जेवत होतात दोघं. सात वर्षांत एकदा मला हाक मारावीशी वाटली नाही तुम्हाला?"